साडूचं ग्लिसरीन

माझ्यावर आयुष्यात पुष्कळ आरोप झाले. मी चिकट आहे, मी तोंडाळ आहे, भाजीवालीकडून वर मूठभर कोथिंबीर घेतल्याशिवाय मी जागचा हलत नाही. हे सगळे मला मान्य आहेत. पण भेसळीचा आरोप माझ्यावर एकदाच झाला. तो झाला सासऱ्यांच्या घरात, गटारीच्या दिवशी, मी स्वतःच्या हाताने केलेल्या बिअरवरून. ज्याने तो केला त्याने तो आजवर मागे घेतलेला नाही, आणि मी विसरलेलो नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरण्यांचा संप मोडून दोन-तीन वर्षं झाली असतील. घाटकोपरला भटवाडीच्या चढावर माझं किराणा दुकान होतं. वडील गिरणीत, मी मात्र हातगाडीवर कांदे-बटाटे विकून सुरुवात केली आणि भांडत भांडत दुकानापर्यंत पोचलो. भांडत म्हणजे खरोखरच भांडत. घाऊक बाजारात तूरडाळीच्या पोत्यासाठी मी असा काही आवाज चढवायचो की शेजारच्या पेढीवरचे लोक चहा हातात धरून बघायला यायचे. मराठी माणसाला किराणा जमत नाही असं ज्यांनी मला सांगितलं होतं, ते पुढे माझ्याकडूनच साखर न्यायला लागले. त्यांना मी कधी एक दाणा कमी दिला नाही. टोमणा मात्र दर वेळी दिला.

दुकानाने मला एक गोष्ट शिकवली. जे गिऱ्हाईक तांदूळ हातात घेऊन "छान आहेत हो" म्हणतं, ते घेत नाही. हात झटकतं आणि "येते हं" म्हणून जातं. जे गिऱ्हाईक दाणा दाताखाली धरतं, तोंड वाकडं करतं, "जुना वाटत नाही, कणी पण फार आहे, वासही नाही" असं म्हणतं, त्याच्यासाठी मी लगेच पिशवी उघडतो. त्याला माल हवा असतो. नको असलेल्या मालात कोण खोड काढत बसेल?

आता सासऱ्यांकडे वळतो. ते मालवणकडचे, उभी हयात गिरणीत साचे चालवण्यात गेलेली. संपानंतर परळची खोली सोडून मुलुंडला दोन खोल्यांत राहायला आले होते. माणूस सरळ, अबोल, पण तराजू दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. परळच्या नाक्यावरच्या कुठल्याशा दुकानदाराने त्यांना आयुष्यभर खड्यांचे तांदूळ खाऊ घातले होते आणि त्याचा राग त्यांनी सगळ्या दुकानदारांवर सारखा वाटून टाकला होता. त्यात माझा वाटा मोठा, कारण मी घरातला. आधी परळला आणि मग मुलुंडला, सासरी मी कधी रिकाम्या हाताने गेलो नाही. जुना तांदूळ, पहिल्या प्रतीची चवळी, निवडलेले वाल. सासरे पिशवीत डोकावायचे, म्हणायचे, "बरां आसा," आणि पिशवी पलंगाखाली सरकवायचे. बस्स. पुढच्या खेपेला जावं तर पिशवी तिथेच, आणि पानात रेशनचे तांदूळ. एकदा सासूबाई माझे तांदूळ सुपात घेऊन खडे शोधत बसलेल्या मला दिसल्या. एकही सापडेना, म्हणून बिचाऱ्या अस्वस्थ झाल्या होत्या.

"बरां आसा." आठ-नऊ वर्षं मी हे ऐकत होतो. एखाद्या दुकानदाराला याच्याहून मोठी शिवी नाही.

आणि मग होता साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माहूलला एका तेल कंपनीत. तिथे तो स्टोअरमध्ये कामगारांना गमबूट आणि हातमोजे वाटायचा, पण सासरी सगळ्यांची समजूत अशी की पेट्रोल तोच बनवतो. त्याच्या शर्टाला रिफायनरीचा वास यायचा आणि तो वास म्हणजेच शिक्षण असं सासूबाईंना वाटे. घरात गॅसचा रेग्युलेटर बिघडला की साडूला विचारायचं, डोळे आले की साडूला विचारायचं. मी मोठा जावई, पण मला फक्त साबुदाण्याचा भाव विचारायचे.

हा साडू बिअरमधला जाणकार. एकदा घाटकोपर स्टेशनजवळच्या परमिट रूममध्ये तो मला घेऊन गेला. आम्ही बसतो न बसतो तोच वेटरने न सांगता काठोकाठ पाण्याने भरलेला एक ग्लास आणून ठेवला. मी तो प्यायला उचलला तर साडूने माझा हात धरला.

"थांबा साडूभाऊ. हे प्यायचं नाही. ग्लिसरीन काढायचंय."

ज्यांनी त्या काळात बिअर प्यायली त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत होती की कंपन्या बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात आणि त्यानेच दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. त्यावर उपाय असा: बाटली उघडायची, तोंडावर अंगठा दाबायचा, बाटली उलटी करून तोंड ग्लासातल्या पाण्यात बुडवायचं आणि अंगठा काढायचा. मग बाटलीतून एक तेलकट धागा वळवळत पाण्यात उतरायला लागतो. तेच ग्लिसरीन. धागा थांबला की बाटली सरळ करायची आणि प्यायची. आजूबाजूला पाहिलं तर प्रत्येक टेबलावर एकेक बाटली शीर्षासन करत होती आणि माणसं श्रद्धेने तिच्या पायाशी बघत बसली होती.

मीही बघत बसलो. पण मी सुटं तेल विकणारा माणूस. माझं लक्ष धाग्याकडे राहिलं नाही, बाटलीच्या बुडाकडे गेलं. साडूने बाटली सरळ केली तर ती गळ्यापर्यंत भरलेली.

"अरे," मी म्हटलं, "एवढं बाहेर गेलं, मग बाटली भरलेली कशी?"

"ग्लिसरीन तेवढं गेलं."

"ते गेलं ना? मग त्याच्या जागी काय आलं?"

"काही नाही आलं."

"माझ्या डब्यातून तेल काढलं की डबा रिकामा होतो. तुझ्या बाटलीतून माल जातो आणि बाटली भरलेलीच! मला पण दे ना असली बाटली, दुकानात ठेवतो."

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. साडूने शांतपणे बिअर ओतली आणि म्हणाला, "साडूभाऊ, हा किराणा नाही. केमिकल आहे."

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते फिरलंच. घरी जाताना चढावर मी मोठमोठ्याने बोलत होतो. जड माल खाली बसतो, हलका वर येतो, पाण्यात साखरेचा पाक ओतला तरी असाच धागा पडतो, हे पोरंही सांगतील. बाटलीतून बिअर उतरत होती आणि ग्लासातलं पाणी वर चढत होतं. आख्खी मुंबई पैसे मोजून बिअर घेत होती आणि स्वतःच्या हाताने तिच्यात पाणी घालत होती, आणि वर मला किराणा म्हणत होती. घरी पोचल्यावर तेच सगळं पुन्हा. बायको पोळ्या लाटत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग तुम्ही करा ना बिअर. ग्लिसरीन न घालता. आणि दाखवा त्याला."

ती चिडून म्हणाली होती. मी ते मनावर घेतलं.

बिअर कशी होते हे मला एका जुन्या गिऱ्हाइकाने सांगितलं. तो जहाजावर स्वयंपाकी होता आणि रोज संध्याकाळी दुकानाच्या फळीवर टेकून परदेशातल्या गोष्टी सांगायचा. त्याचं म्हणणं, बिअर म्हणजे तीन गोष्टी: मोड आलेला जव, काहीतरी कडू, आणि आंबवण. ऐकल्यावर मला वाटलं, हे तर आपल्याच घरातलं आहे. जव माझ्या दुकानात होता, पथ्याची माणसं न्यायची. मोड आणायला बायको होती. पोरांसाठी नाचणीचं सत्त्व करताना ती काय करते ते मी पाहिलं होतं: भिजवायचं, फडक्यात बांधायचं, मोड आले की सुकवायचं, भाजायचं, भरडायचं. कडू म्हणून मी काडेचिराईत घेतलं. कोकणातल्या कुठल्याही पोराला ते ठाऊक असतं, रात्री भिजवून सकाळी नाक दाबून पाजतात ते. आणि आंबवणासाठी मी बोरिवलीला जाऊन होडीने गोराईला गेलो आणि झाडावरून नुकती उतरवलेली माडी आणली. पूर्वीचे पाववाले माडीवरच पीठ फुगवायचे, मग बिअरने काय पाप केलं होतं?

हे असलं काही घरात करणं कायद्यात बसत नव्हतं हे मला माहीत होतं. बायकोला माझ्याहून जास्त माहीत होतं. कढीच्या पातेल्यात जवाचं पाणी उकळताना तिने खिडक्या लावल्या, दार लावलं आणि वर उदबत्ती लावली. शेजारणीने विचारलंच, "काय गं, सत्यनारायण आहे का?" बायको म्हणाली, "काढा करतेय ह्यांच्यासाठी. डोक्याचा." तसं ते खोटं नव्हतं.

गूळ घातला, गाळलं, निववलं, माडी घातली आणि लोणच्याच्या मोठ्या बरणीत भरून तोंडाला फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी बरणी बोलायला लागली. बुड बुड, बुड बुड. दुकान बंद करून आलो की मी आधी तिच्याशी बोलायचो, मग बायकोशी. याची नोंद तिने ठेवली आहे आणि अजून काढते. मग भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या घेतल्या. त्याने भाव वाढवून सांगितला. आमचं असं भांडण झालं की त्याने शेवटी बुचंही वर दिली. बाटल्या उकळून भरल्या, बुचं दोऱ्याने आवळली, आणि मोरीत ओल्या गोणपाटाखाली आडव्या ठेवल्या. त्यातली एक भर दुपारी फुटली. वरच्या मजल्यावरून आवाज आला, "कुकर गेला का रे तुमचा?"

पहिला घोट मी घेतला तो दुकानदारासारखा. आधी उजेडात धरली. रंग भाजलेल्या तिळासारखा, जरा गढूळ. फेस आला, पण आला तसा बसला. वास घेतला: भाजके चणे, मागून जरा माडीचा आंबूसपणा. मग घोट. जिभेवर आधी गोडसर, भाकरीच्या पापुद्र्यासारखी चव. मध्ये आंबट. आणि गिळल्यावर, आता संपलं असं वाटत असताना, घशाच्या मागून काडेचिराईत यायचं आणि कान धरायचं. परमिट रूममधली बिअर हिच्यापुढे वरणाच्या पाण्यासारखी. मी बायकोला दिली. तिने जीभ लावली, डोळे मिटले, थोडा विचार केला.

"पेजेला भूत लागल्यासारखं लागतंय," ती म्हणाली. आणि ग्लास परत दिला नाही.

गटारी आली. श्रावण लागायच्या आधीचा तो रविवार, सासऱ्यांच्या घरी सगळ्यांनी जमायचं ठरलेलं. सासूबाईंचं मटण, वडे, भात, आणि वर कोकमाची कढी. मी सहा बाटल्या गोणपाटात गुंडाळून मुलुंडला नेल्या. रिक्षावाल्याने खड्डा घेतला की मी ओरडायचो. त्या बाटल्यांत माझा काय जीव अडकला होता हे मला चांगलं ठाऊक होतं. तांदूळ, चवळी, वाल मी दुसऱ्याकडून घेऊन विकायचो. त्यात सासऱ्यांना खोट दिसली तर मी घाऊकवाल्यावर ढकलू शकलो असतो. ही बिअर मी केली होती. पहिल्या मोडापासून शेवटच्या गाठीपर्यंत. तिच्यात खोट निघाली तर ती माझी, आणि ती स्वच्छ आहे हे त्यांना पटलं तर मीही स्वच्छ. त्या माणसाने एकदा तरी माझा माल तोंडात घालून बघावा, इतकंच मला हवं होतं.

सासरे पलंगावर बसले होते. साडू खुर्चीवर, पंख्याखाली. मी बाटल्या मांडल्या आणि सगळं सांगितलं: जव, मोड, काडेचिराईत, गोराईची माडी. माडीचं नाव निघालं तशी सासऱ्यांची मान वर झाली.

"माडी घातलंस? खंयची?"

"गोराईची, मामा. झाडावरची."

त्यांनी ग्लास पुढे केला. मी पहिल्या बाटलीचा दोरा सोडला, बूच काढलं, फस्स् असा आवाज झाला. सासऱ्यांच्या ग्लासात ओतणार इतक्यात साडूने हात पुढे केला.

"आणा इकडे साडूभाऊ. आधी काढून घेऊ."

"काय काढून घेऊ?"

"ग्लिसरीन."

"अरे, घरी केलीय! मी घातलंच नाही तर येणार कुठून?"

"मग भिता कशाला? बघू ना," म्हणत त्याने बाटली घेतलीसुद्धा. पाण्याचा ग्लास त्याने आधीच जवळ आणून ठेवला होता. अंगठा, उलटी बाटली, पाण्यात तोंड. आणि धागा पडला. चांगला जाड, पिवळसर, वळवळत, ग्लासाच्या तळापर्यंत. माझ्या बिअरमध्ये गूळ होता, ती बाजारातल्या बिअरपेक्षा जडच होती. परमिट रूममध्ये मी असा झकास धागा पाहिला नव्हता.

मग साडू हसला. "काय साडूभाऊ! घरच्या मालातसुद्धा भेसळ?"

सासऱ्यांनी हातातला रिकामा ग्लास पलंगावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "बरां आसा."

मग मी जो आवाज चढवला तो घाऊक बाजारातला होता. "भेसळ? कोणाला म्हणतोस भेसळ? गमबूट वाटतोस तिकडे आणि इथे मला केमिकल शिकवतोस? अरे, ही बिअर आहे, बिअर! बिअर पाण्यात उतरतेय आणि पाणी वर चढतंय! बाटली बघ, भरलेली आहे की नाही?"

"मग धागा कसला?"

"बिअरचाच!"

"बिअर पाण्यात मिसळून जाईल ना साडूभाऊ. धागा कसा दिसेल?"

"अहो, हळू बोला," मेव्हणी म्हणाली. बायको माझा शर्ट मागून ओढत होती. चाळीच्या गॅलरीत दोन डोकी आली. आतून सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय झाला गो? कोण मेला?"

"साडूभाऊंच्या बिअरमध्ये ग्लिसरीन सापडलं," साडूने सांगितलं.

"अगो बाई!" सासूबाई म्हणाल्या. सापडणार हे त्यांना माहीत होतं अशा आवाजात. सुपातल्या तांदळाचा तो सूड होता.

त्यांच्या मागे, ओट्यावर, कढीसाठी काढलेली आगळाची बाटली मला दिसली. गावाहून आलेलं कोकमाचं आगळ, सासूबाईंनी मे महिन्यात स्वतः काढलेलं, मीठ घालून, उन्हात ठेवून. त्या आगळाला त्या घरात जवळजवळ देवाचा मान होता. मी तरातरा आत गेलो, बाटली उचलली, दुसरा पाण्याचा ग्लास घेतला आणि सगळ्यांच्या समोर पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला.

"जावयबापू, ता माझा आगळ आसा!" सासूबाई ओरडल्या.

"तेच म्हणतोय," मी म्हटलं. अंगठा लावला, बाटली उलटी केली, पाण्यात तोंड घातलं आणि अंगठा काढला.

आगळ लाल, त्यामुळे काही लपून राहिलं नाही. जाडजूड लाल दोऱ्या वळवळत खाली उतरायला लागल्या, तळाशी गुंडाळ्या होऊन बसल्या. आणि वर बाटलीत, उलट्या बुडाकडे, फिक्कट पाणी चढताना दिसलं, अगदी चढतानाच दिसलं. बाटली भरलेली ती भरलेलीच. फक्त आगळ बाहेर आणि पाणी आत.

"घ्या," मी साडूला म्हटलं. "सांग आता. आईंच्या आगळात ग्लिसरीन आहे म्हणून सांग. मोठ्याने सांग, गॅलरीतल्यांनाही ऐकू दे."

साडूने तोंड उघडलं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"माझ्या आगळात?" सासूबाईंनी विचारलं. "मी घातलंय ग्लिसरीन? मी?"

"नाही हो आई, मी तसं कुठे..."

"मग ह्या काय खाली उतारता?"

"आगळ उतरतंय, आई."

"आणि त्याच्या बाटलेतसून काय उतारला मगाशी?"

मेव्हणीने कपाळाला हात लावला. मी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं, तेवढ्यात सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू रे? कढीचा आगळ नासलंस ना सगळा? पाणी घातलंस ना माझ्या आगळात?" आठ-नऊ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'अरे-तुरे' केलं. पुढची पाच मिनिटं त्यांनी मला जे ऐकवलं ते मी आनंदाने ऐकलं, कारण त्यात "पाणी घातलंस" हा शब्द चार वेळा आला. माझा सगळा मुद्दाच तो होता.

साडूने शेवटी एवढंच म्हटलं, "आगळ वेगळं, बिअर वेगळी." पण हळू, पंख्याच्या आवाजात.

या गडबडीत सासऱ्यांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. ते उठले होते. त्यांनी दुसरी बाटली, न उलटलेली, स्वतः उचलली होती, दोरा दाताने सोडला होता आणि ग्लासात ओतली होती. आम्ही वळलो तेव्हा ते ग्लास नाकाशी धरून बसले होते. मग खिडकीच्या उजेडात धरला. मग एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला, आणि काडेचिराईत मागून येईपर्यंत थांबले. ते आलं तेव्हा त्यांची एक भुवई वर गेली.

"गढूळ आसा," ते म्हणाले.

मी त्यांच्या ग्लासात वाकून पाहिलं.

"नीट गाळूक नाय. दोन फडक्यांतसून गाळूक होया." आणखी एक घोट. "फेस टिकना नाय." आणखी एक. "माडी पहाटेची नाय ही. उन्हां वर इल्यावरची. आंबाट झाली वायच."

"मामा, पहिल्या होडीने गेलो होतो," मी म्हटलं. सवयीने माझा आवाज चढला.

"पहिल्या होडयेन गेलंस तरी माडयेक उशीर झालो." आणखी एक घोट. "कडू जास्त झाला. ह्या काय पोरांचो जंत काढूचो आसा?"

साडूला धीर आला. तो म्हणाला, "मी म्हणतच होतो मामा, काहीतरी गडबड आहे त्यात." बायकोचं तोंड पडलं. तिला वाटलं, झालं, पंधरा दिवसांची मेहनत मोरीत गेली.

त्या खोलीत दुकानदार मी एकटाच होतो. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, माल तोंडात घोळवत होतं, एकामागून एक खोड काढत होतं, आणि ग्लास खाली ठेवत नव्हतं. मी तिसऱ्या बाटलीचा दोरा सोडायला घेतला.

सासऱ्यांनी ग्लास पुढे केला. "आणि वायच घाल," ते म्हणाले. "आणि त्येका सांग, हिका उलटी करू नको."

त्या दिवशी कढी फिक्कट झाली, मटण उत्तम झालं, आणि माझ्या बिअरच्या पाच बाटल्यांपैकी एकही परत आली नाही. साडूने उलटी केलेली सहावी मात्र कोणी प्यायली नाही. ती मी त्यालाच दिली. त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "छान आहे." मी काय समजायचं ते समजलो.

त्याने भेसळ हा शब्द मागे घेतला नाही. पुढे एका लग्नाच्या पंगतीत मी माझ्या कानांनी ऐकलं, तो कोणाला तरी सांगत होता की आमच्या साडूभाऊंनी एकदा घरी बिअर केली होती, आणि काय धागा पडला म्हणून सांगू! मी जिलबी ताटात टाकून उठलो आणि तिथल्या तिथे सगळं पुन्हा समजावून सांगितलं, जड माल, हलका माल, आगळ, सगळं. लोकांनी माना डोलावल्या. संध्याकाळी त्यांच्यातलेच दोघे मंडपामागे बाटली उलटी धरून उभे होते.

पण गटारीनंतरच्या खेपेला मी मुलुंडला गेलो तेव्हा नेहमीसारखी तांदळाची पिशवी नेली होती. सासऱ्यांनी आत हात घातला. चार दाणे काढले. एक दाताखाली धरला.

"ह्यो तांदूळ जुनो नाय," ते म्हणाले.

"मामा, दोन वर्षांचा आहे!"

"नाय. वास खंय आसा? आणि कणी बघ किती."

"कणी? कुठे आहे कणी? दाखवा मला एक!"

आम्ही असे भांडलो की गॅलरीत पुन्हा दोन डोकी आली. मी पिशवी पलंगावर उपडी केली, सासऱ्यांनी चष्मा लावला, आणि दोघं मिळून कणी शोधायला बसलो. आतून सासूबाईंनी हाक मारली, "अरे, भाताक किती घेव तो सांगा, आधण इला." सासऱ्यांनी मान वर न करता ओंजळभर तांदूळ माझ्याच ढिगातून उचलले आणि आतल्या दाराकडे धरले.